तिसऱ्या पानावरची हिरवी खूण

टक्. बस्, एवढाच आवाज झाला. मागोमाग फरशीवरून काहीतरी घरंगळत गेलं, स्वतःभोवती दोन-तीन गिरक्या घेऊन कपाटाच्या पायाशी आडवं झालं, आणि घर पुन्हा गप्प झालं. मी दारातच थबकले, एक पाय आत, एक बाहेर. रविवारी दुपारी गोटीला झोपवून खोलीबाहेर पडायचं म्हणजे चोरासारखं पडावं लागतं. पलंगाची कुरकुर सांभाळायची, दाराची कडी बोटाने धरून ठेवायची, आणि एवढं करून काहीतरी वाजतंच. पण ती जागी झाली नाही. ओठ जरा हलले, नाक फुरफुरलं, आणि उघड्या पडलेल्या मुठीची बोटं पुन्हा अर्धवट मिटली. साडेचार वर्षांची माझी लेक झोपताना हातात काही ना काही घेऊन झोपते. कधी चमचा, कधी माझ्या चष्म्याचं घर. आज बटण होतं. झोप लागली, मूठ सैल झाली, बटण पडलं. मी वाकून ते उचललं. तपकिरी, चार भोकांचं, जाड काठाचं कोटाचं बटण. काल गोदामातल्या काकांनी माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकलं होतं, लेकीला द्या म्हणून, वर स्वतःच्याच विनोदावर हसत म्हणाले होते की एका बटणाने साठा काही कमी होत नाही ताई, घाबरू नका. मी ते तळहातावर घेतलं आणि माझा हात तसाच राहिला. जड होतं. फार नव्हे, बटण जितकं जड असू शकतं तितकंच. पण कारखान्यात दोन महिने काढल्यावर तळहाताला काहीतरी कळायला लागतं. अशी शंभर बटणं चाळीस ग्रॅम भरायची नाहीत. कुणी काही केलं तरी भरायची नाहीत. आणि तिसऱ्या पानावर सातव्या ओळीत, कोटाच्या बटणांपुढे, माझ्या अक्षरात, चाळीस लिहिलेलं आहे.

आमच्या कारखान्यात बटणं मोजत नाहीत, तोलतात. पहिल्या दिवशी मला याचंच हसू आलं होतं. एकेका जातीची शंभर बटणं आधी हाताने मोजायची, त्यांचं वजन घ्यायचं, ते एका पाटीवर लिहून ठेवायचं, आणि मग अख्खं पोतं काट्यावर चढवून भागाकार करायचा. शर्टाची बारीक बटणं शंभराला चाळीस ग्रॅम. कोटाची शंभराला एकशे साठ. बावीस किलोचं पोतं शर्टाच्या बटणांचं असेल तर त्यात पंचावन्न हजार बटणं, आणि कोटाच्या बटणांचं असेल तर पावणेचौदा हजार. पोतं तेच, सुतळी तीच, काट्यावरचा आकडा तोच. फरक फक्त आत काय आहे आणि आपण काय समजून भागतोय एवढाच. स्वयंपाकघरात जाऊन मी पिठाच्या काट्यावर ते एकटं बटण ठेवलं. काटा बिचारा ग्रॅमच्या खाली बघतच नाही. क्षणभर शून्य दाखवून त्याने दोनाचा आकडा दाखवला. शर्टाचं असतं तर शून्यच राहिला असता. म्हणजे कोटाच्या बटणांच्या एका पोत्यात मी सव्वाएक्केचाळीस हजार बटणं हवेतून आणून भरली होती, आणि त्यांच्यासमोर हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. चूक एवढीच असती तर मी ओट्याला टेकून उभी राहिले नसते. आकडे चुकतात. आमचा धंदाच त्यावर चालतो. मी टेकले ते त्या हिरव्या खुणेमुळे.

हिरवा रंग आमचा होता. आमचा म्हणजे फर्मचा. जिथे मी तीन वर्षं उमेदवारी केली ती ऑडिटची फर्म, दुसऱ्या मजल्यावरच्या पाच खोल्या, जिन्याच्या कठड्याला सतत लागलेला शाईचा हात, आणि खिडकीत वाळत घातलेल्या छत्र्या. ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांचं लिखाण निळं नाहीतर काळं, आमच्या खुणा हिरव्या. हा नियम कुठल्या कायद्यात असेल-नसेल, पण फर्मच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी मला एक पेन्सिल दिली आणि सांगितलं की ही पेन्सिल लिहिण्यासाठी नाही, ही बघितल्यासाठी आहे. बघितल्यासाठी. किती वर्षं झाली, तो शब्द अजून कानात तसाच्या तसा आहे. आम्ही जायचो तिथे माणसं उठून उभी राहायची. वयाने बापासारखे हिशेबनीस फायली घेऊन यायचे आणि मी, तेवीस वर्षांची, शेंगेसारखी पोर, विचारायची की हा खर्च कशाचा, हे बिल कुठे आहे, यावर सही कुणाची. चहा यायचा. मी तो गार होऊ द्यायचे, कारण मॅडम तसं करायच्या. आणि मग पाच-सहा दिवसांनी पिशवी आवरून निघायचो, मागे काय पसारा राहिला त्याचं आम्हाला काही नाही. दुसऱ्या गावी दुसरी खोली, दुसरं टेबल, दुसऱ्या चुका, सगळ्या परक्यांच्या. मला वाटतं मी त्या कामावर नव्हे, त्या निघून जाण्यावर प्रेम केलं. परीक्षा पास झाले तेव्हा पोटात सातवा महिना होता. कायमच्या जागांची पत्रं त्या आठवड्यात निघाली. मॅडम म्हणाल्या होत्या, आधी हे पार पाड, जागेचं नंतर बघू. ते नंतर साडेचार वर्षं लांबलं. त्यात मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्या फार मायेने बोलल्या आणि दोन्ही वेळा गोटीचं वजन विचारलं.

बटणांच्या कारखान्याची जाहिरात नवऱ्याने कापून आणली. तो इस्पितळात एक्स-रे काढतो, रविवारीसुद्धा. तो म्हणाला, मी माणसांच्या आतलं बघतो, तू पोत्यांच्या आतलं बघ, दोघं मिळून जगाला उघडं पाडू. सासूबाई मात्र गप्प झाल्या. दोन इमारती पलीकडे राहतात, गोटीला दिवसभर त्याच सांभाळतात, त्यामुळे गप्प राहण्याचा त्यांना पुरता अधिकार आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, एवढं शिकून बटणं? मी म्हटलं, आई, बटणं नाहीत, बटणांचे हिशेब. त्या म्हणाल्या, तेच ते. मुलाखतीला गेले तेव्हा मालकांनी टेबलावरून गेल्या वर्षीचा अहवाल माझ्याकडे सरकवला, आमचं सगळं कसं चोख आहे ते दाखवायला, आणि शेवटच्या पानावर मॅडमची सही होती. पहिलं अक्षर मोठं, बाकीची अक्षरं त्याच्या पदराला धरून चालल्यासारखी. ती सही बघितली आणि मी पगार किती ते नीट न ऐकताच होकार दिला. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं घरापासून जवळ म्हणून. नोकरीत आधी तीन महिने कामाची परीक्षा, मग कायम. मला वाटलं होतं, वर्षअखेरीला त्या येतील, टेबलाच्या पलीकडे बसतील, माझं काम बघतील. आणि मग काय, ते मी पुढे मनात आणत नसे. लहानपणी पाहुण्यांसमोर म्हणायला लावलेली कविता आपण आदल्या दिवसापासून पाठ करतो ना, तसं चाललं होतं माझं.

आणि मोजणीचा दिवस आला तेव्हा मी पहिला वेडेपणा केला. वर्षाचा शेवटचा दिवस, गोदामाची दारं सताड उघडी, बटणांचा तो विशिष्ट वास, थोडा रबरासारखा, थोडा शाळेतल्या नव्या पट्टीसारखा. काकांनी पोती रांगेत लावली, काटा मध्ये आणला, बाह्या सावरल्या. मी पॅड छातीशी धरून दोन पावलं मागे जाऊन उभी राहिले. तशीच जशी तीन वर्षं प्रत्येक गोदामात उभी राहिले होते. ऑडिटवाल्याने मोजायचं नसतं, मोजणाऱ्याला बघायचं असतं. बराच वेळ झाला. काका माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. शेवटी ते म्हणाले, "ताई, तुम्ही नुसत्या बघणार असाल तर मोजणार कोण?" मागे पोती उचलणाऱ्या दोघी हसल्या. मग मी पुढे झाले, काटा बघितला, आकडे लिहिले, भागाकार केले, दिवसभर, धुळीने नाक चोंदेपर्यंत. काका जात पुकारायचे, मी वजन लिहायचे. दुपारी केव्हातरी घरून फोन आला की गोटीला ताप आहे, नव्याण्णव, काळजी नको, झोपलीय. मी एका कानाने तो ताप ऐकत होते आणि दुसऱ्या कानाने काका कोटाचं, बावीस म्हणत होते. सातवी ओळ तेव्हाची असावी. मी नव्याण्णव लिहिलं नाही हेच नशीब. संध्याकाळी सगळी पानं लिहून झाल्यावर मी टेबलाशी बसले, पर्समधून ती जुनी पेन्सिल काढली, बोटाएवढी उरलेली, आणि ओळीमागून ओळ खुणा करत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. हातच चालला. स्वतःच लिहायचं आणि स्वतःच बघितलं म्हणायचं, याहून मोठं पाप आमच्या धंद्यात नाही, आणि मी ते करत होते तेव्हा मला इतकं शांत वाटत होतं, बाळ पाजताना वाटायचं तसं.

गुरुवारी त्या आल्या. मॅडम, आणि त्यांच्याबरोबर एक उमेदवार मुलगी, नवीन, लांब वेणीची, पेन्सिल कानावर खोचलेली. मालक उठून उभे राहिले. मीही उठून उभी राहिले. मॅडमनी मला बघितलं, भुवया जरा वर गेल्या, मग त्या हसल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, अगं, तू इथे होय, आणि लगेच मालकांना म्हणाल्या, मग यंदा आम्हाला काम नाही, ही सगळं करून ठेवते. मालक खूश झाले. मी त्यांच्यापुढे फायली ठेवल्या, चहा सांगितला, आणि त्यांनी तो गार होऊ दिला. तीन दिवस मी उत्तरं दिली. हा खर्च कशाचा, हे बिल कुठे आहे. आधी कधी लक्षात आलं नव्हतं की उत्तर देताना माणूस किंचित पुढे वाकतो आणि विचारताना मागे रेलतो. मी वाकत होते. ती वेणीवाली माझ्याएवढीच हुशार होती, कदाचित जास्त, आणि तिला माझं काही देणंघेणं नव्हतं. तिच्या डाव्या हाताच्या करंगळीला हिरवा डाग होता. मी तीन दिवस त्या डागाकडे बघत होते. घरी गोटी मला चिकटून झोपायची तेव्हा मला तो डाग दिसायचा, आणि कारखान्यात त्या डागाकडे बघताना मला गोटीच्या केसांचा वास यायचा. हे काम धरल्यापासून माझं असंच झालंय. जिथे असते तिथे मी अर्धी असते, आणि उरलेली अर्धी दुसरीकडे जाऊन पोचते तोवर तिथली वेळ संपलेली असते.

आणि काल. शनिवारी सव्वाचार वाजता. ती मुलगी गोदामाची पानं तपासायला घेत होती. काट्यावर काही पोती परत चढवून आपले आकडे जुळतात का ते ती बघणार, हे मला माहीत होतं. मी स्वतः शेकडो वेळा केलं होतं. तिने पहिलं पान उचललं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. खालपर्यंत हिरव्या खुणा. ती थांबली. मॅडमच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि स्वतःशीच, म्हणजे जरा ऐकू जाईल असं पुटपुटली, मॅडमनी करून टाकलेलं दिसतंय. पानं उचलून तिने झालेल्या गठ्ठ्यावर ठेवली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. नाही गं, त्या माझ्या आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मग मी पाण्याचा पेला उचलला आणि पाणी प्यायले.

मी गप्प का बसले ते काल मला कळलं नव्हतं. काल मी स्वतःला सांगितलं की विसरले, दमले होते, शनिवार होता. आत्ता ओट्याशी उभी राहून, हातात ते बटण धरून, कळत होतं. त्या मुलीने माझी खूण मॅडमची समजली होती. जरा तिरकी, शेपटी लांब, मॅडमसारखीच. त्यांच्याकडूनच तर उचलली होती. क्षणभर मी पलीकडे होते. मला कुणी तिथे बसवलं नव्हतं, पत्र दिलं नव्हतं, पण माझी खूण त्यांच्या गठ्ठ्यात जाऊन बसली होती आणि कुणाला वेगळी ओळखू आली नव्हती. त्या क्षणाचं मला इतकं बरं वाटलं की मी तो कुणाला परत द्यायला तयार नव्हते. आणि जणू त्याचं बक्षीस म्हणून, दहाच मिनिटांनी कारखान्याच्या जिन्यात मॅडमनी मला थांबवलं. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात बॅग. म्हणाल्या की एक जागा रिकामी झालीय, सीनियरची, त्यांच्या डोक्यात माझं नाव आहे. काम बघितलं, हात बसलेला आहे अजून. उशीर होईल, गावाला जावं लागेल, ते मला माहीतच आहे. सोमवारी सह्या करायला त्या येतील तेव्हा सांग. मी मान हलवली. त्या उतरून गेल्या आणि मी जिन्यात तशीच उभी राहिले, त्यांच्या चपलांचा आवाज खालच्या दारापर्यंत ऐकत.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. वाटलं होतं त्या नाही म्हणतील, आणि मला वाटतं माझी थोडीशी तशी इच्छाही होती, म्हणजे सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं. त्या भाजी निवडत होत्या. देठ मोडता मोडता म्हणाल्या, जा की. पोरीला मी बघते आहेच. पाच दिवस नसलीस तरी खाईल, खेळेल, शाळेत जाईल. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फक्त झोपताना ती कुणाचं ऐकत नाही. ते तुझं तू बघ." मी रात्रभर ते बघत राहिले. म्हणजे गोटीकडे. आणि तरी, खरं सांगायचं तर, मन आधीच बॅग भरत होतं. कोणत्या गावी कोणती खोली मिळेल, खिडकीतून काय दिसेल. सकाळी उठल्यावर एकटीने चहा प्यायचा, कुणाचे केस विंचरायचे नाहीत, कुणाचा मोजा शोधायचा नाही. आणि संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच खिडकीशी, तो मोजा शोधायला मिळावा म्हणून जीव तुटायचा. हेही मला दिसत होतं. तरी मी हो म्हणणार होते. सोमवारी सकाळी दहा वाजता.

आता मात्र हे बटण होतं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं, निदान पुढच्या वर्षापर्यंत नाही, आणि पुढच्या वर्षी मी कदाचित टेबलाच्या पलीकडे असेन, स्वतःच पोतं परत तोलून, कुणा दुसऱ्याची चूक सापडल्यासारखं करेन. हे मी खरंच मनात आणलं. एवढं सगळं एका मिनिटात मनात आणता येतं हे बघून माझंच मला आश्चर्य वाटलं. पण मॅडम सही करणार होत्या. मोठं पहिलं अक्षर, आणि बाकीची त्याच्या पदराला धरून. ज्या सहीसाठी मी पगार ऐकला नव्हता तिच्याखाली माझी हवेतली बटणं जाणार होती. आणि सांगितलं तर ती जागा जाणार हे उघड होतं. आकडा चुकलेली माणसं त्यांनी ठेवली आहेत, एकदोघांना तर वाढवलंय. पण आपण टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलोय हे ज्याला कळत नाही त्याला त्या दारात उभं करत नाहीत, हे मी तीन वर्षं बघितलं होतं. एक मुलगा गेला होता असाच. आम्ही कुणी त्याच्यासाठी काही बोललो नव्हतो. मीही नव्हते. आणि कारखान्यातही परीक्षेचा एक महिना शिल्लक होता. मालक काय म्हणतील, दोन्हीकडून गेले तर पुन्हा किती वर्षं, गोटी तेव्हा किती मोठी असेल, मी किती. खोलीतून तिच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. सर्दीने नाक चोंदलं की ती म्हाताऱ्या माणसासारखी घोरते. तो आवाज ऐकत ऐकत मी फोन उचलला. अजून थोडा विचार केला असता तर उचलला नसता, एवढं मला स्वतःबद्दल कळतं.

मॅडमनी तिसऱ्या घंटीला घेतला. मागे कुठेतरी कुकर होता, कुणीतरी हसत होतं. मला एकदम वाटलं की यांचंही घर आहे. इतक्या वर्षांत मी कधी त्यांना घरात ठेवून बघितलंच नव्हतं. मी सुरुवात केली आणि पहिलं वाक्यच इतकं लांबवलं की त्या म्हणाल्या, मुद्द्याचं बोल. मग मी सातवी ओळ सांगितली, चाळीस आणि एकशे साठ सांगितले. त्या हं, हं म्हणत होत्या. कागद ओढल्याचा आवाज आला. त्या लिहून घेत होत्या. मग विचारलं, पण ते पान तर तपासलेलं आहे, हिरव्या खुणा आहेत त्यावर.

मी म्हटलं, "त्या आपल्या उमेदवार मुलीच्या नाहीत मॅडम. तुमच्याही नाहीत. माझ्या आहेत."

"तू का केल्यास?"

"सवयीने."

मागचं हसणं थांबलं. बहुतेक त्या दुसऱ्या खोलीत गेल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारला असता, कारण त्यांनीच मला तो विचारायला शिकवलं होतं.

"काल ती पानं बाजूला ठेवली तेव्हा तू तिथेच होतीस ना? बोलली का नाहीस?"

सांगता आलं असतं की लक्षात आलं नाही. त्यांनी ते मान्यही केलं असतं. त्यांच्या आवाजात तेवढी जागा होती. मी म्हटलं, "मला बरं वाटलं."

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि खोलीतून गोटीचं घोरणं, आणि दोन्हींच्या मध्ये मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मग त्या म्हणाल्या, उद्या नऊला येते. सह्या उद्या नाहीत. एका ओळीचा प्रश्न नाही हा, आता त्या पानांवर विश्वास ठेवता येत नाही. सगळं गोदाम परत मोजायचं. मालकांना तू सांगणार की मी? मी म्हटलं, मी सांगते. बरं, म्हणाल्या. मग थांबल्या. मला माहीत होतं त्या कशापाशी थांबल्या आहेत. जिन्यातल्या आवाजात, तितक्याच मायेने, त्या म्हणाल्या, "आणि ते दुसरं, आपण नंतर बघू." फोन ठेवण्याआधी त्यांनी गोटीला कुठल्या शाळेत घातलंय ते विचारलं, आणि मी सांगितलं.

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसतं काहीतरी लांब लांब जात राहिलं. पाच खोल्या, तो कठडा, वाळणाऱ्या छत्र्या, अनोळखी गावातल्या खिडक्या, सगळं एकाच बाजूला सरकत गेलं, आपण उभे असतो आणि किनारा हलतो तसं. मी त्याला जाऊ दिलं म्हणणं खोटं होईल. मी हात पुढे करून उभी होते. अजूनही आहे. उद्या नऊ वाजता त्या गोदामाच्या दारात येतील तेव्हा मी आधी त्यांच्याही करंगळीवर हिरवा डाग आहे का ते बघणार, हे मला आत्ताच माहीत आहे.

मालकांना फोन लावला, ते जेवून पडले होते. त्यांनी ऐकून घेतलं, एकदा बाप रे म्हणाले, आणि परीक्षेबद्दल काही बोललेच नाहीत. ते बरं की वाईट, मला कळलं नाही. मग काकांना लावला, काटा मोकळा ठेवायला सांगण्यासाठी. काकांना आधी काहीच समजेना. सगळं? म्हणाले. सगळं, मी म्हटलं, पहिल्या पोत्यापासून. आधीचे आकडे धरायचे नाहीत, पाटीवरचं वजनही परत घ्यायचं, शंभर-शंभर हाताने मोजून. ते मोठ्याने उसासले. त्यांची कंबर गेल्या मोजणीपासून दुखत होती, ते मला माहीत होतं, आणि मी सांगितलं की चूक माझी आहे, तुम्ही बरोबर पुकारलं होतं. ते म्हणाले, चुका काय, होतात. मग खट्याळपणे की खरोखरच, कुणास ठाऊक, म्हणाले, "पण ताई, उद्या तुम्ही बघणार का मोजणार?"

"मोजणार," मी म्हटलं. "बघायला त्या येणार आहेत."

फोन ठेवला तेव्हा मागे पावलं वाजली नाहीत, पण कुणीतरी आलंय हे कळलं. गोटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एका गालावर उशीची घडी उमटलेली, केस एकाच बाजूला उभे. किती वेळ उभी होती ते सांगता येत नाही. झोपेतून उठली की ती काही वेळ माझ्याकडे परक्यासारखी बघते, जणू ठरवतेय की ही तीच का. मी खाली बसले आणि हात पसरले. ती आली, पण कुशीत शिरली नाही; माझ्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. झोपेने गरम झालेले हात. नाकातून आवाज येत होता. तिने विचारलं, कुणाशी बोलत होतीस. मी म्हटलं, कारखान्यातल्या काकांशी. काय झालं. मी म्हटलं, आईचं मोजताना चुकलं, म्हणून उद्या पुन्हा मोजायचं. तिला चुकण्याचं आश्चर्य वाटलं नाही. ती स्वतः वीसपर्यंत मोजताना दर वेळी तेरापाशी अडखळते आणि मग न रागावता पुन्हा एकपासून सुरू करते. सगळं? तिने विचारलं. सगळं, मी म्हटलं, पहिल्यापासून. तिने मान हलवली, विचार केला. कपाळावर ती बारीक आठी पडली जी तिच्या बापाची आहे. मग अगदी जवळ येऊन, आपलं नाक माझ्या नाकाला लावून, कुणी ऐकू नये अशा आवाजात तिने विचारलं,

"मग आई, तू आधी मोजलेलं सगळं कुठे गेलं?"